मामाच्या चित्रातली चतकोर भाकरी

बुधवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. "नजर राहीलच असं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले आणि आईनं हट्टच धरला, "त्याआधी मला दादाचं चित्र बघायचंय."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा मामा. आई लहान असताना त्यानं पाटावर भाकरी-कांदे मांडून चित्र सुरू केलं आणि मांजर येऊ नये म्हणून हिला राखणीला बसवलं. सागरगोटे खेळता खेळता हिला भूक लागली. हिनं चतकोर मोडून खाल्ली! "माझं चित्र खाल्लंस तू!" असं ओरडून मामा अर्धं चित्र घेऊन शहरात गेला, तो तिकडंच तापानं वारला. तेव्हापासून सगळ्यांची जेवणं होईपर्यंत आई घास तोंडात घालत नाही. पुढं ते चित्र तिथल्या संग्रहालयात लागलं, पण आईचा जायचा धीर झाला नाही.

पिशोरहून सातची जीप, कन्नडला एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण खिडकी हवी तर आधी चढा. वेरूळच्या घाटात माझ्या शंका सुरू. चित्र काढून ठेवलं असलं तर? आईला दिसलंच नाही तर? मी मुलखाची भित्री.

"मी खाल्लेली चतकोर भरून त्यानं आख्खी भाकर काढली असंल," आई म्हणाली. "राग लई व्हता त्याला."

"आई, गप बस बरं!" मी उगाच डाफरले. भाकरी आख्खी निघाली तर सरळ खोटं बोलायचं, हे मी मनात ठरवून टाकलं.

शहरातल्या स्टँडवरून रिक्षानं गेलो. जाणार असाल तर सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. आमच्या नशिबानं संग्रहालय उघडं होतं, पण चित्राचं दालनच बंद! जेवणानंतर उघडेल म्हणाले. बाकावर बसून मी ठेचा-भाकरी खाल्ली. आई नुसती बसून होती.

दालन उघडलं. चित्रातला पाट भिंतीसारखा उभा, कांदे चक्क निळे. आई कॅनव्हासला नाक लावायला निघाली.

"अम्मा, हाथ नक्को लगाओ," पहारेकरी चाचा म्हणाले आणि स्वतःच तिच्यासाठी खुर्ची घेऊन आले.

"मला नुसतं धुकं दिसतंय," आई म्हणाली. "तू सांग. भाकर?"

"मोडलेली आहे, आई! कांद्याकडून चतकोर गायब आहे." खोटं बोलायची वेळच आली नाही.

"तिथूनच मोडली व्हती मी. अजून काय हाये?"

"खाली नुसते करडे ठिपके आहेत."

"किती?"

मी मोजले. "पाच."

आईनं माझा हात घट्ट धरला. "माझे सागरगोटे हायेत ते. त्यानं मांडले नव्हते गं पाटावर. मागनं, आठवून काढलेत." चाचा तोंड फिरवून चष्मा पुसत राहिले.

परतीच्या एसटीत ती गाढ झोपली. बुधवारची धास्ती माझ्या मानगुटीवर बसली आहे ती आहेच.

घरी पोचल्यावर आईनं चाचपडत चूल पेटवली. पहिली भाकरी तव्यावरून उतरली. अजून कुणाचं ताटही मांडलेलं नव्हतं. आईनं चतकोर मोडली आणि फुंकर घालून स्वतःच्या तोंडात टाकली.