डॉक्टरकाकांचं दगडफूल

अख्ख्या सिंगापुरात झाडाला जीभ लावून बघणारा एकच माणूस होता आणि तो चोआ चू कांग भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत होता. त्यात वेळ काय निवडली बघा! सार्सची साथ नुकतीच ओसरलेली, लोक लिफ्टचं बटणसुद्धा कोपराने दाबत होते, आणि आमचे डॉक्टरकाका बसस्टॉपमागच्या झाडाला बिलगून खोडावरचा राखाडी पापुद्रा चाखत होते. एक चिनी आजी छत्री उगारत धावून आली, "अंकल, कॅनॉट ईट लाह!" काकांनी शांतपणे खिशातली वही काढून नोंद केली आणि आजींना शुद्ध मराठीत सांगितलं, "कडू नाहीये."

काका मूळचे कराडचे. चाळीस वर्षं तिथे दवाखाना चालवला, मग मंदाकाकू गेल्या आणि मुलाने त्यांना इकडे आणलं. इथे त्यांना पेशंट बघता येत नव्हते, त्यामुळे सगळा जीव दगडफुलात, चवीवरून त्याची जात ओळखण्यात. तेच हो, आपण गोड्या मसाल्यात घालतो ते. "अर्धी बुरशी, अर्धं शेवाळ, पण संसार एक!" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल. या वेडाचं मूळ होता एकोणिसाव्या शतकातला कुणीसा जर्मन डॉक्टर. तो गावोगाव पेशंट बघत हिंडायचा आणि येताना खिसे भरून दगडफूल आणायचा. काका शाळकरी वहीत त्याचं चरित्र लिहीत होते, आणि बोलायचे असं, जणू तो परवाच त्यांना कराडच्या स्टँडवर भेटला होता. माझ्या बायकोने, मृणालने, नुसतं डोकं दुखतंय म्हटलं तरी गोळीच्या आधी गोष्ट यायची, "आमचे जर्मन डॉक्टर एकदा बाळंतपणाला निघाले, टोपी दगडफुलाने भरलेली..." खरंखोटं तो जर्मन जाणे. गोष्ट संपेपर्यंत डोकं दुखायचं मात्र थांबलेलं असायचं.

घरी त्यांच्या या वेडाचं कौतुक कुणालाच नव्हतं. मुलगा बँकेतून यायचा तो दमलेला. सून वाईट नव्हती, पण टापटिपीची. एकदा तिने दगडफुलाच्या पुड्यांनी भरलेला बुटांचा खोका सरळ कचऱ्यात टाकला. नातू म्हणाला, "आजोबा, so dirty lah." त्या दिवशी काका उरलेले दोन खोके काखोटीला मारून आमच्या दारात उभे राहिले. "पेशंट ॲडमिट करायचेत, कॉट आहे का?" हसत होते, पण डोळे काही हसत नव्हते. खोके आमच्या पलंगाखाली गेले आणि दर रविवारी काका आमच्याकडे जेवायला येऊ लागले.

एकदा आम्ही त्यांना पुलाउ उबीन बेटावर नेलं. तिथे नेणाऱ्या लाकडी बमबोटीतून उतरल्यापासून त्यांची मान वर ती वरच. त्यांचा एक नियम होता, झाडाचं ओरबाडायचं नाही, गळलेल्या फांदीवरचंच घ्यायचं. तशा एका फांदीपाशी ते मटकन खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. पण ते भिंग लावून बघत होते, मग जीभ लावली. "कडू जहर!" असे खूश, की विचारू नका. "अरे, हे मी कुठेच बघितलेलं नाही. जर्मन डॉक्टरांच्या गावात संग्रहालय आहे, तिथे पाठवतो. नवीन निघालं तर मंदाचं नाव द्या म्हणणार. आयुष्यभर माझे खिसे झटकून कपडे धुतले तिने, तिच्या नावाने काहीतरी राहू दे."

घरी येऊन त्यांनी पुडी बांधली, वर सुरेख अक्षरात "दगडफूल" लिहिलं आणि चिठ्ठीसकट माझ्या हाती दिली, कारण माझ्या ऑफिसखाली पोस्ट होतं. आणि मी आळशी माणूस! उद्या टाकू, परवा टाकू करत चिठ्ठी माझ्या ऑफिसच्या बॅगेत आणि पुडी स्वयंपाकघरात दोन आठवडे पडून राहिली. त्याच सुमाराला मृणालच्या आईने पुण्याहून कुणाबरोबर तरी मसाल्याचं सामान पाठवलं.

त्या रविवारी काकांनी आमटीभाताचा पहिला घास जिभेवर घोळवला. मग म्हणाले, "मृणाल, अजून थोडी वाढ गं." हात धुताना त्यांनी मला विचारलं, "पुडी पाठवलीस ना रे?" उद्या नक्की टाकू अशा हिशेबाने मी बेधडक म्हणालो, "हो, कालच." संध्याकाळी पुडी शोधायला गेलो तर जागेवर नाही. मृणालला विचारलं आणि ती पांढरीफटक पडली. आईने पाठवलेल्या सामानातलं समजून तिने ती भाजून, कुटून मसाल्यात घातली होती. ती रडत बसली आणि मी, कसला पुरुष मी, समोरचं दार वाजवून काकांना खरं सांगायला गेलो नाही.

सुनेने कागद टाकून देऊ नयेत म्हणून चिठ्ठीत त्यांनी आमचाच पत्ता दिला होता. उत्तर तिथे येणार, म्हणून काकांनी आमच्या लेटरबॉक्सची किल्ली मागून घेतली. मग रोज संध्याकाळी ते लिफ्टने खाली जायचे, लेटरबॉक्स उघडायचे आणि जाहिरातींचे कागद आणून द्यायचे. "जर्मन माणूस सावकाश काम करतो हं," मलाच धीर द्यायचे! दीड वर्ष चाललं हे. रोज वाटायचं, आज सांगू, आणि रोज मी ते कागद घेऊन दार लावायचो.

शेवटी मुलाची बदली लंडनला झाली आणि काकांनी कराडला परत जायचं ठरवलं. चांगी विमानतळावर त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली तेव्हा मला राहवेना. "काका, ती पुडी..."

"आमटीत गेली. माहितीय मला."

"माहितीय?"

"अरे, तिची चव मी विसरेन का?"

"मग रोज खाली कशाला जात होतात?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "गेलो नसतो तर मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं. मग मृणालला माझ्या पानात आमटी वाढताना दर वेळी कसंतरी झालं असतं. रविवारचं तेवढं एक जेवण होतं रे मला, मराठीत." आणि आत जाता जाता वळून म्हणाले, "आमटी छान झाली होती, सांग तिला."

पुढच्या दिवाळीत ते गेले. मुलाचा फोन आला, दोन मिनिटांचा. मी एकटाच उबीनला जाऊन आलो, गळलेल्या फांद्यांना जीभ लावत फिरलो, पण मला सगळंच सारखं लागलं.

तो मसाला मृणालने पुन्हा कधी वापरला नाही आणि टाकलाही नाही. काकांची बातमी आली त्या दिवशी तिने बरणी पुसली आणि वर चिठ्ठी चिकटवली. अक्षर काकांसारखं सुरेख नाही, पण जपून लिहिलंय. "मंदा. पुलाउ उबीन."