खाली कोणी आहे का?

आमच्या घराच्या मागच्या बाजूला एक काचघर आहे. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत असलं खूळ दुसऱ्या कोणाच्या घरी नाही. माझे वडील, अप्पा, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी लोखंडी अँगल जोडून, चारी बाजूंना आणि वर साध्या काचा बसवून ते बांधून घेतलं, नेचे आणि ऑर्किड लावायला. तंजावूरच्या उन्हात काचेची खोली म्हणजे भट्टीच. निम्मी झाडं होरपळून जायची. अप्पा वर हिरवी जाळी टाकायचे, दिवसभर पाणी शिंपडायचे आणि पुन्हा नवी झाडं आणायचे. ते गेल्यावर झाडं मी कशीबशी जगवली, पण ती खोली खरी ताब्यात घेतली अम्मानं. तिचं सोवळ्याचं लुगडं तिथं उंच दांडीवर वाळायला लागलं. कावळा नाही, धूळ नाही, येणाऱ्याजाणाऱ्याचा हात नाही. न्हाणीघराशेजारून आत जायला एक अरुंद दार आहे, त्यातून ती जायची आणि काठीनं लुगडं उतरवून घ्यायची.

या काचघराच्या बरोबर डोक्यावर वरच्या मजल्याचा छज्जा येतो. गेल्या पावसाळ्यात त्याचे पोपडे सुटायला लागले. आतल्या सळ्या गंजून फुगल्या होत्या. एके दिवशी विटेएवढा तुकडा काचघराला चाटून खाली आला आणि मी हाय खाल्ली. दुसऱ्याच दिवशी कोत्तनारला, म्हणजे आमच्याकडच्या गवंड्याला, बोलावलं. त्यानं सुरूचे वासे काथ्यानं बांधून परांची उभी केली.

मी शाळेत शिकवते. नियम करणं आणि ते पाळले जातात का ते बघणं, यात माझा हात कोणी धरणार नाही. काचघराच्या छपरावर मी गोणपाटं आणि फळ्या टाकायला लावल्या. काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या मारल्या. झाडं हलवली. घरातून काचघरात उघडणाऱ्या मोठ्या दाराला कुलूप घातलं. अम्माला बजावलं, लुगडं आता वरच्या खोलीत वाळत घालायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम असा: घण घालण्याआधी कोत्तनारनं दर वेळी वरून तमिळमध्ये विचारायचं, "कीळ आळ इरुक्का?" खाली कोणी आहे का? जो खाली असेल त्यानं "इरुक्केन्!" म्हणून ओरडायचं. मी आहे. उत्तर आलं की काम थांबवायचं. उत्तर आलं नाही तर खाली कोणी नाही, घाला घण.

नियम सगळ्यांना पटला. अम्मानंसुद्धा मान डोलावली. "तुझ्या शाळेंत असल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली, "हजेरी द्यायची!"

आता अम्माचा स्वतःचाही एक नियम होता, माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. सोवळ्याची अंघोळ झाली की नैवेद्य दाखवून होईपर्यंत ती तोंडातून शब्द काढायची नाही. मीठ हवं असलं तर बोटांनी खूण करायची. लहानपणी आम्ही भावंडं तिला बोलतं करायला नाना सोंगं करायचो, पण ती कधी फसली नाही. हे आमच्या घरात इतकं अंगवळणी पडलेलं की तो नियम आहे हेच आम्ही विसरलो होतो. माझा नियम आणि तिचा नियम एका जागी आले तर काय होईल, हा विचार कोणाच्याच डोक्यात आला नाही.

अप्पांचं श्राद्ध आलं. धाकटा भाऊ आदल्या दिवशी चेन्नैहून आला. श्राद्धाच्या दिवशी कामाला सुट्टीच होती, पण छज्ज्याच्या कोपऱ्यातला एक मोठा तुकडा एकाच सळीवर लोंबकळत राहिला होता. पिंड कावळ्याला ठेवायचा तो मागच्या अंगणातच. भाऊ म्हणाला, "अक्का, तेवढा तुकडा काढूंदे की सकाळीच. त्याच्याखालीं उभं राहून कावळ्याला हाक मारूं काय मी?" मला पटलं. कोत्तनार सकाळीच येऊन परांचीवर चढला.

मी मधल्या खोलीत केळीची पानं पुसत होते. भाऊ अंघोळ करून ओलेत्या धोतरानं तुळशीपाशी उभा होता. न्हाणीघरात अम्माच्या तांब्याचा आवाज चालला होता. मग तो थांबला. वरून हाक आली, "कीळ आळ इरुक्का?"

कोणी उत्तर दिलं नाही.

मी पुढचं पान उचललं, आणि काही कारण नसताना मला वरच्या खोलीतली दांडी आठवली. सकाळी भांडी आणायला गेले होते तेव्हा ती रिकामी होती. अम्मानं लुगडं नेलं असेल, असं मी तेव्हा धरून चालले. पण अंघोळीच्या आधी ती त्या लुगड्याला हात लावणार नाही, जीव गेला तरी लावणार नाही. म्हणजे ते लुगडं वर कधी वाळलंच नव्हतं. वरच्या खोलीतून मजूर ये-जा करत होते, त्यांचा हात लागेल म्हणून तिनं मुकाट्यानं ते आपल्या जुन्या जागी नेऊन घातलं होतं.

आणि आता ती तिथंच गेली होती. ओलेत्यानं, अनवाणी, आणि तोंड मिटून.

"थांबा!" मी ओरडले. मराठीत ओरडले. वर असलेल्या माणसाला मराठीचं अक्षर कळत नाही. तेच तमिळमध्ये, "निल्लुंगो!" म्हणेपर्यंत घण पडला होता.

आधी फळी सरकल्याचा आवाज आला आणि मग काचा. काचा पडायच्या थांबल्या तेव्हा मी दारातल्या चपला पायात सरकवून अंगणात पोचले होते.

"अम्मा!"

उत्तर नाही.

"अम्मा! बोल की!"

काचघराच्या भिंतींवर आतून धूळ बसली होती, काही दिसत नव्हतं. मी अरुंद दाराकडे धावले. अम्मा आत उभी होती. हातात काठी, काठीवर लुगडं, केसांत काचेचे कण चमकत होते. सिमेंटचा तुकडा तिच्यापासून हातभर अंतरावर पडलेला. सगळीकडे काचाच काचा, आणि मधे तिची उघडी पावलं. तिच्या डोक्यावर एक अख्खी काच तडकून नुसत्या चिकटपट्टीच्या फुलीवर लोंबत होती. वाऱ्यानं ती हलत होती.

अम्मानं माझ्याकडे बघितलं आणि तळहात उभा केला. ती खूण मला पाठ होती. शिवू नकोस.

मला असा संताप आला की काय सांगू. तिच्या डोक्यावर मरण लटकतंय आणि हिला विटाळाची पडली आहे!

भाऊ मागून आला. "मी जातों आंत. मी सोवळ्यांत आहे, मला धरूं देईल ती."

"पाय बघ तुझे!" मी त्याला मागे ढकललं. तोही अनवाणी. जो तिला शिवू शकत होता त्याच्या पायात काही नव्हतं, आणि जिच्या पायात चपला होत्या तिला ती शिवू देत नव्हती. वरून काचेची कुरकुर ऐकू आली. अम्मानं पाऊल उचललं, कुठं ठेवायचं ते तिला कळेना, ते तिनं परत होतं तिथंच टेकलं. तिच्या टाचेखालून रक्ताचा बारीक ओघळ यायला लागला.

"अम्मा, हलूं नको. मी येते." मी दारात एक चप्पल काढून हातात घेतली, ती तिच्याकडे सरकवून द्यावी म्हणून. तिनं पुन्हा हात उभा केला.

तेवढ्यात वरून कोत्तनारचा आवाज आला. घाबरून गेला होता बिचारा, त्याला दुसरं काही सुचलं नसणार. रोजचाच प्रश्न त्यानं विचारला, पण आवाज चिरकलेला होता. "कीळ आळ इरुक्का?"

अम्मानं वर बघितलं. लोंबणारी काच तिला तेव्हा पहिल्यांदा दिसली. तिच्या चेहऱ्यावर भीती आली. माझ्या आईला भ्यालेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती.

"इरुक्केन्!" ती ओरडली. "इरुक्केन्, इरुक्केन्!" आणि काठी टाकून, लुगडं काचांत पडू देऊन तिनं तो उभा केलेला हात माझ्याकडे लांब केला. "ये. धर मला."

मी चपला घालून काचा तुडवत गेले, तिला कमरेला विळखा घालून उचलली आणि बाहेर आणली. कशी उचलली ते देवाला ठाऊक. आम्ही तुळशीपाशी पोचतो न पोचतो तोच मागे ती काच खाली आली.

तिच्या टाचेतली काच मी काढली. ओल्या केसांतले कण एक एक करून वेचले. ती गुडघ्यांवर हात ठेवून लहान मुलीसारखी बसून राहिली, एकदाही अंग चोरलं नाही. मग उठून तिनं पुन्हा अंघोळ केली, पेटीतलं रेशमी लुगडं नेसली आणि लंगडत स्वयंपाकाला लागली. श्राद्ध उशिरा झालं. कावळा आला. तोवर अम्मा एक अक्षर बोलली नाही.

छज्ज्याचं काम पुढं बरेच दिवस चाललं. अरुंद दारालाही मी कुलूप ठोकलं. स्वयंपाकघर तिथून चांगलं लांब, तिथं डोक्यावर काही पडायची भीती नाही. तरी वरून कोत्तनारची हाक आली की अम्मा सोवळ्यातसुद्धा पळी थांबवायची आणि खणखणीत ओरडायची, "इरुक्केन्!" कोत्तनार नियमाप्रमाणे घण खाली ठेवायचा. खाली येऊन बघायचा, कोणी नसायचं, पुन्हा चढायचा. एक दिवस तो वैतागून मला म्हणाला, अम्मांना सांगा ना, त्या खाली नसतात.

मी नाही सांगितलं. काम लांबतंय तर लांबू दे. ती आहे, एवढं मला रोज ऐकायचं होतं.