आजींनी घेतलेलं नाव

फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसचं पत्र पुन्हा आलं. दगडू नावाचा असा सैनिक आढळत नाही. साहेबांनी ते वाचलं आणि समोर बसलेल्या आजींकडं बघितलं. मी चहा घेऊन उभी होते.

मी माजी सैनिकांच्या ऑफिसात झाडलोट आणि चहापाणी करते. आजी सास्तूरच्या. त्यांचे मालक फौजेतून लवकर सुटले, म्हणून पेन्शन नव्हती. अशा म्हाताऱ्या विधवांना महिन्याला थोडी मदत मिळते. त्याला डिस्चार्ज बुक लागतं. फौजेतून सुटताना मिळतं ते पुस्तक. त्यात सैनिकाचा नंबर असतो, बायकोचं नाव असतं. आजींचं पुस्तक भूकंपात घराखाली गेलं. त्या आता भावाकडं राहत होत्या. मदत मिळाली तर भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेल्या आपल्या घरी चूल पेटवणार होत्या.

"आजी, मालकांचं नाव नीट सांगा," साहेब म्हणाले.

"अर्जात हाय की. पुतण्यानं लिवलंय."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"तुमी वाचा, म्या मान हलवते."

साहेब हसले. स्वतः सुभेदार होते, पण इथं त्यांचा हुकूम चालेना. मला म्हणाले, "बाई, तुम्ही बोला यांच्याशी. माझ्यापुढं लाजतात." आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

मला अनोळखी माणसाशी बोलायला जमत नाही. काय विचारावं सुचेना. शेवटी म्हटलं, "आजी, लग्नात उखाणा घेतला असंल की."

"घेतला. नणंदेनं दार अडवलं हुतं." मग पदर तोंडाला लावून हळूच म्हणाल्या,

"हुरड्याच्या आगटीला शेणीचा जाळ,
माणिकरावांच्या नावाची गळ्यात माळ."

"माणिकराव? मग दगडू कोण?"

"त्येच. आधीची लेकरं जगली न्हाईत, म्हणून सासूनं दगडू म्हटलं. साळंत माणिक. गावात समदे दगडूच म्हणायचे."

मी साहेबांना हाक मारली. त्यांनी ऐकून कपाळाला हात लावला. भूकंपानंतर रेशन कार्डापासून सगळे कागद गावानं सांगितलेल्या नावावर नव्यानं झाले होते. फौजेत मात्र आजींचे मालक शाळेच्या दाखल्यावर, माणिक म्हणून भरती झालेले.

साहेबांनी त्याच दिवशी नवा अर्ज लिहिला. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र करून घेतलं. गावचे एक जुने शेजारी साक्षीला आले.

या वेळी नंबर आला, पलटण आली. बायको म्हणून आजींचं नावही आलं. साहेबांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"माझं बी नाव लिवलंय तिथं?" आजींनी विचारलं. "मला कवा सांगितलं न्हाय." मग ते नाव कुठं आहे, त्यावर साहेबांना बोट ठेवायला लावलं.

मदत मंजूर झाली. आजी आता सास्तूरला आपल्या घरी राहतात. ज्वारीचं पीठ घेऊन आल्या होत्या. साहेबांनी निम्मं मला दिलं. बोलायला मला पुढं केलं, त्याचे उपकार मी मनात ठेवलेत.

आता साहेब प्रत्येक बाईला अर्जाआधी विचारतात, "उखाण्यात कोणतं नाव घेतलं?" काहीजणी लाजतात, काहीजणी चिडतात. पण 'आढळत नाही' अशी पत्रं यायची कमी झालीत.