ट्रान्सफरमध्ये अक्का गळाली

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. एका हाताने भावकी धरा, दुसऱ्या हाताने कॉम्प्युटर धरा, की ते आपोआप साचतात. माझं नांदेडला डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स. नात्यागोत्यात नाक बुडवूनच बसलेला धंदा. त्यामुळे भावकीची वंशावळ कॉम्प्युटरवर टाकायचं ठरलं तेव्हा ते काम माझ्याच गळ्यात आलं. मी एका जुन्या प्रोग्राममध्ये ती भरली. मग मुखेडच्या अण्णांना ती वेबसाईटवर हवी झाली. अण्णा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ आणि भावकीच्या समितीचा अध्यक्ष. म्हणाले, "जगात कुठंबी बसून दिसली पाहिजे." त्यांचा मुलगा विलास लातूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत. मी इथून फाईल पाठवायची, त्याने तिथे वेबसाईटवर चढवायची, एवढंच काम.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमची अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण शकुंतला, उमरीला शिक्षिका आहे. तिने शाळेतल्याच एका सरांशी लग्न केलं. सर बौद्ध. त्या दिवसापासून भावकीने तिचं नाव टाकलं. मायने आणि मी नाही टाकलं. माय आता पार थकली आहे. मी वंशावळ करतोय म्हटल्यावर तिने एकच सांगितलं, "माझी चारी लेकरं एका जागी लावलेली बघायची हायत रे. मग डोळे मिटले तरी चालंल."

मी चारही लावली. आम्ही तिघे भाऊ, अक्का, सर, त्यांची दोन मुलं, सगळ्यांचे चौकोन, फोटोसकट.

*

पहिली फाईल गेली आणि लातूरहून विलासचा फोन आला. "काका, सगळे प्रश्नचिन्ह होऊन राहिले."

चूक माझ्या दुकानाची. आम्ही पत्रिकांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप करणारी माणसं. तो फॉन्ट वेबसाईटला कळेना. मूळपुरुष प्रश्नचिन्ह, त्यांचे तीन मुलगे प्रश्नचिन्ह, त्यांच्या बायका प्रश्नचिन्ह. अण्णांनी मोबाईलवर ते झाड पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "ह्यातला मी कोणता?"

सगळी नावं पुन्हा टाईप केली. त्या प्रश्नचिन्हांत अक्काही होती. खरं सांगायचं तर भावकीत ती सगळ्यांच्या बरोबरीने बसली ती तेवढीच एक वेळ.

*

दुसरी फाईल तारखांनी खाल्ली. आमच्या आजोबांचा जन्म निजामाच्या राज्यातला. जुन्या कागदावर सन फसली, तेराशे तीस; ही निजामाची कालगणना इसवी सनाच्या पाचशेनव्वद वर्षं मागे. मी आकड्याशेजारी 'फसली' असं लिहिलं होतं. वेबसाईटने शब्द गाळला, आकडा ठेवला, आणि लाल अक्षरांत इशारा दिला की हा बाप आपल्या मुलापेक्षा सहाशे वर्षांनी मोठा आहे, कृपया तपासा.

अण्णा म्हणाले, "तपासायचं काय त्यात? आपलं घराणं निजामाच्याबी आधीचं हाय, हे आता इंटरनेटच म्हणून राहिलं." लगेच ग्रुपवर टाकलं. पुढच्याच आठवड्यात एका साखरपुड्यात पाहुण्यांना ऐकवलंही.

मी म्हणालो, "अण्णा, आजोबा तुम्ही बघितलेत. तुम्हाला खांद्यावर घेऊन बाजाराला जायचे."

"मग काय झालं?" अण्णा म्हणाले.

*

आमच्यात थोरल्या सुनेचं नाव लग्नात बदलतात आणि लक्ष्मीच ठेवतात. घरटी एक लक्ष्मी. माझ्या प्रोग्राममध्ये माहेरच्या नावाला वेगळी जागा होती, वेबसाईटला नव्हती. माहेरची नावं वाटेतच पडली. वेबसाईटने विचारलं, ही एकच व्यक्ती आहे का? विलासला ऑफिसला जायची घाई होती. त्याने 'हो' दाबलं, आणि दाबतच गेला.

भावकीत एकच लक्ष्मी उरली. नवरे पाच, लेकरं पंगतभर. पुरुषमंडळींनी आरडाओरडा केला, घराण्याची अब्रू गेली म्हणाले. अण्णांची बायको, माझी वहिनी, तीही त्या पाचांतली एक. मोबाईल हातात घेऊन तिने बराच वेळ बघितलं.

"पाच घरचा सैपाक एकलीनं केला म्हणा की," ती म्हणाली. "तवाबी कुणी नाव इचारलं न्हाई."

 मग अण्णांनी चहा मागितला, आणि तो तिनेच केला.

*

आमची एक शाखा देगलूरला आहे. तिकडे मामाने भाचीशी लग्न करणं यात कोणाला नवल वाटत नाही. सरूकाकूंचं तसंच झालं. त्यांचा नवरा त्यांच्या आईचा सख्खा भाऊ. माझ्या प्रोग्रामने हे निमूट मान्य केलं होतं. वेबसाईटने मात्र फाईलच परत केली. एक माणूस झाडाच्या दोन फांद्यांवर बसतो हे तिला पटेना.

विलासने सरूकाकूंना फोन लावला. तो तेव्हा नांदेडला आला होता, मी शेजारीच होतो. "काकू, तुमचं नातं डबल पडून राहिलं. एकच ठेवता येतं. मामा ठेवू का नवरा?"

काकूंना फार विचार करावा लागला नाही.

"नवरा काढ बाबा," त्या म्हणाल्या. "मामा लई चांगला होता."

समितीला मात्र हे झेपेना. नवरा काढायचा की नाही यावर बैठक बसली, चर्चा झाली, चिवडा संपला. शेवटी विलासने लातूरमधल्या कोणा जाणकाराला विचारून दोन्ही नाती बसवली. म्हणजे मनात असलं की बसवता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

*

हे मी का म्हणतो ते ऐका. इतक्या फायली गेल्या. प्रश्नचिन्हांची माणसं झाली, आजोबांची सहाशे वर्षं उतरली, पाच लक्ष्म्या पाच घरी परत गेल्या. जो जो गळाला तो परत चढला. अक्का चढली नाही. माझ्या कॉम्प्युटरवर ती असायची, वेबसाईटवर मायच्या फोटोखाली तीनच चौकोन. पहिल्यांदा वाटलं, मशीन आहे, चुकतं. मी स्वतः वेबसाईटवर जाऊन तिला भरलं. सकाळी पुन्हा नाही.

विलास भेटला की म्हणायचा, "सिंकमधी प्रॉब्लेम हाय काका." हे म्हणताना तो माझ्याकडे बघायचा नाही. पोरगा वाईट नाही. बापाला भितो.

अण्णांचा आवडता बैल होता, सर्जा. प्रदर्शनात नंबर काढलेला. अण्णांनी हौसेने त्याचा चौकोन आपल्या मुलांच्या रांगेत टाकायला लावला होता. तो सर्जा प्रत्येक ट्रान्सफरमध्ये शिंगांसकट, झुलीसकट व्यवस्थित पोचला. एकदाही गळाला नाही.

मी अण्णांना विचारलं, "बैल येतो, अक्का कशी येत नाही?"

"आता मशीनचं आपल्याला काय कळतंय?" अण्णा म्हणाले. "आन् काकूसाठी एवढं कशाला जीव काढून राहिला तू? काकूला कुठं वाचता येतं?"

काकू म्हणजे माझी माय. 

*

उमरीला फोन करून अक्काला सांगितलं. रडेल असं वाटलं होतं. ती हसली.

"वर्गात हजेरी घेताना माझ्याकडून एखादं नाव राहिलं, तर आख्खा वर्ग ओरडतो, बाई, तो राहिला, बाई, तो राहिला. तुमच्या भावकीत कुणीच ओरडत न्हाई व्हय रे?"

मग म्हणाली, "माझं राहू दे. मायला काय सांगशील ते बघ."

मी मायला काहीच सांगितलं नाही.

*

आता शेवटचा.

कुलदैवताचा भंडारा आमच्या गावी, मुखेडजवळ. भावकीतली झाडून सगळी माणसं येतात, अक्का सोडून. यंदा देवळाच्या भिंतीवर वंशावळीचा मोठा फ्लेक्स लागला. फ्लेक्सचा धंदा माझा, पण हा छापून आणला लातूरहून. "तुझ्यावर लोड नको," असं अण्णा म्हणाले होते.

आमच्यात एक रीत आहे. पंगत वाढून झाली की भावकीतली सगळ्यांत वयस्कर बाई विचारते, "सगळी लेकरं आली का?" पंगत म्हणते, "आली." मग ती पहिला घास घेते, आणि तोवर कोणी पानाला हात लावत नाही. गेली काही वर्षं हा मान मायचा.

पानं वाढून झाली. भात, वरण, वांग्याची भाजी, लापशी. अण्णा माईक घेऊन उभे. मायने बसल्या जागेवरून विचारलं, "सगळी लेकरं आली का?"

"आली!" अण्णा माईकवर म्हणाले. पंगतही म्हणाली.

मायने घास उचलला नाही. गुडघ्यावर हात टेकून उठली. मी धरायला गेलो तर माझा हात बाजूला केला. पंगतीच्या मधून, पदर सावरत, ती फ्लेक्सपाशी गेली. स्वतःचा फोटो तिने ओळखला. त्याखालच्या चौकोनांवर एकेक करून बोट ठेवलं. थोरला. मी. धाकटा. मग तेच बोट पुढे सरकलं आणि कोऱ्या फ्लेक्सवर थांबलं.

अण्णा माईक तोंडासमोरच धरून म्हणाले, "काकू, ते ट्रान्सफरमधी गळालं. मशीनचं काम हाय. तुम्हाला वाचता येत न्हाई म्हणून..."

"हाव," माय म्हणाली. बोट तिथून काढलं नाही. "वाचता येत न्हाई अण्णा. मोजता येतं."

पानांवरचं वरण गार होऊन राहिलं होतं.