पापनाशमहून आलेलं कार्ड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढेसुद्धा नाही — तिथे मी हात जोडून भलतंच काहीतरी मागत बसते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही सुधाला ओळखत नाही.

सुधा माझी धाकटी चुलत बहीण. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर. मी बारा वर्षं गुरूंपुढे बसून गाणं शिकले. आणि ही? कॉलेजात असताना कुणाचं तरी जुनं गिटार घेऊन आली आणि स्वतःच गाणी रचायला लागली — अर्धी आमच्या घरातल्या मराठीत, अर्धी तमिळमध्ये. केबल नुकतंच आलं होतं, दिवसभर त्यावर परदेशी पोरी गायच्या. सुधा म्हणायची, "अक्का, मीही तेथे दिसेन पाहा." मी हसायचे. पोटात मात्र आग.

तिची कॅसेट फिरत फिरत लंडनच्या एका कंपनीत पोचली आणि त्यांचा माणूस चक्क तंजावुरात आला. त्या कॅसेटवर तीन गाण्यांत मीही होते. हॉटेलात त्याने आम्हा दोघींसमोर ती लावली आणि अगदी सभ्यपणे सांगितलं, दुसऱ्या बाईंची गरज नाही. दुसरी बाई! गुरुवारी तीन वाजता सुधाने एकटीने गायचं, जमलं तर महिन्याभरात लंडन. संध्याकाळी त्याचं विमान होतं.

गुरुवारी अकराच्या सुमारास पोस्टमनने माझ्या हातात कार्ड दिलं. आई देवळात गेली होती. पापनाशमचे आमचे चुलत आजोबा वारले होते, दोन दिवसांपूर्वी. म्हणजे दोन्ही घरांना सुतक.

इथे नीट सांगायला हवं — कारण इथेच मी इतकी वर्षं लपले आहे. सुतक लागतं ते बातमी कानावर पडल्यावर. कळलंच नाही, तर काही नाही. म्हणून शुभकार्याच्या दिवशी असं कार्ड आलं, की ज्याच्या हाती पडेल तो गप्प बसतो आणि कार्य उरकल्यावर सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात आईने असंच एक कार्ड तांदळाच्या डब्यात दडवलं होतं. कुणी तिला वाईट म्हटलं का? शहाणीच म्हटलं. मला फक्त चार तास गप्प बसायचं होतं.

मी चप्पलसुद्धा न घालता गल्ली ओलांडली.

सुधा तारा जुळवत होती. तिला एकटीला सांगितलं असतं, तर ती कदाचित कुणाला न सांगता गाऊन आली असती. तिचे वडील, माझे काका, तसे नव्हते — हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी ओसरीवर त्यांच्यासमोर उभी राहिले आणि कार्ड मोठ्याने वाचलं.

काकांनी पेपर खाली ठेवला. "गाणं नोको आतां. न्हाऊन ये."

सुधाने गिटार भिंतीला टेकवलं. विहिरीकडे जाताना तिने माझा खांदा दाबला. "अय्यो अक्का, तुलाच आणावी लागली की ही वार्ता!" तिला माझी दया आली होती. आणि मला — काय वाटलं सांगू? बरं वाटलं. फार बरं वाटलं.

सुतक फिटल्यावर तिने बूथवरून लंडनला फोन लावला. सोबतीला मीच. त्यांनी दुसरीच एक मुलगी घेतली होती. सुधा बाहेर येऊन रडली, मी पदराने तिचे डोळे पुसले.

तिने गिटार ज्याचं त्याला देऊन टाकलं. पुढे लग्नांत, देवळांत माझं गाणं असलं की ती तंबोरा घेऊन माझ्या मागे बसायची. अकरा वर्षं. माझा दम संपे तिथे ती हलकेच सूर धरायची आणि लोक टाळ्या मला द्यायचे. एकदाही तिने आपला आवाज माझ्या वर जाऊ दिला नाही.

मला ते आवडायचं.