केबलच्या वायरवरची बनियान

आमच्या घरातली केबलची वायर मी स्वतःच्या हाताने, भाजी चिरायच्या विळीवर कापली. बायको ओरडत होती, "अहो, विळीची धार जाईन न!" पण क्रांती करताना माणूस धारेचा विचार करत नाही. केबलवाले पुंडलिकभाऊ दारातच उभे होते. त्यांच्यासमोर मी भाषणही ठोकलं. आता ना जाहिराती, ना पॅक, ना तुमची मर्जी! पाहिजे ते, पाहिजे तेव्हा! (मी अमरावतीला शाळामास्तर आहे. समोर एकच माणूस असला तरी मला भाषण सुचतं.) पुंडलिकभाऊ "बरं सर" म्हणून निघून गेले. उरलेल्या वायरची मी बाल्कनीत कपडे वाळत घालायची दोरी केली आणि तिच्यावर पहिली बनियान मोठ्या समाधानाने पसरली.

मग मी ओटीटी घेतलं आणि त्याच खात्यावर अकोल्याच्या माझ्या धाकट्या बहिणीला, वंदनाला बसवलं. आई-बाबा तिच्याकडेच राहत, कारण आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. दोघं रोज संध्याकाळी खुनाची एक मालिका पाहू लागले. जमीनदाराला कोणी मारलं? आई म्हणायची कंपाउंडरने, बाबा म्हणायचे वकिलाने. यावरून पैज लागली. आई हरली तर बाबांना तंबाखूवरून पुन्हा कधी टोकणार नाही, आणि बाबा हरले तर सकाळचा चहा बाबा करणार! पैज हरायच्या भीतीने बाबा दिवसाला एकच भाग लावू देत.

एकच भाग राहिला होता, आणि आई गेली. साध्या तापाचं निमित्त झालं.

महिनाभर तो टीव्ही कोणी लावलाच नाही. मग एक दिवस बाबा म्हणाले, "वंदे, थो राह्यलेला भाग लाव. तुह्या मायचं बरोबर होतं का माह्यं, थे तं समजू दे."

वंदनाने मालिका लावली. आधी जाहिराती आल्या. (ज्यांच्यापायी मी विळी बोथट केली होती, त्याच!) मग पॅक वाढवायला सांगितलं, तोही मी वाढवला. मग पडद्यावर उमटलं की हा टीव्ही तुमच्या घरचा नाही, ज्याचं खातं आहे त्याच्या घरच्या वायफायला एकदा जोडून घ्या.

"दादा, आता कसं करावं? बाबा टीव्हीसमोरून उठूनच नाई राह्यले," फोनवर वंदना रडकुंडीला आली.

"त्यात काय हाय? टीव्ही अमरावतीले घेऊन येऊ!"

हे मीच म्हणालो. मला कोणीही अडवलं नाही. वंदनाचे यजमान विलासराव इंजिनिअर आहेत, तेसुद्धा "बरोबर हाय" म्हणाले. जावई येणार म्हणून बायकोने लगेच पुरणाची डाळ भिजत टाकली.

टीव्ही आणायला मी जातीने अकोल्याला गेलो. तो गाडीत मावेना. धूळ बसू नये म्हणून वंदनाने त्याला पांढऱ्या चादरीत गुंडाळलं आणि विलासरावांनी तो टपावर आडवा ठेवून दोरीने घट्ट बांधला. बाबाही निघाले. "टीव्हीच चालला तं मी इथं काय करू?" पुढे विलासराव आणि मी, मागे वंदना आणि बाबा, चौघांचीही तोंडं उतरलेली.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो, तर टपरीवाल्याने चालू असलेलं गाणं बंद केलं. बाकावरचे एक म्हातारे टोपी काढून उभे राहिले. पुढे रस्त्यात येणारे-जाणारे हात जोडू लागले.

"दादा, हे लोक आपल्याले नमस्कार कावून करून राह्यले?"

मी वर टपाकडे बोट दाखवलं. विलासरावांचं स्टिअरिंग जरा हललं.

"चादर काढू काय?"

"धूळ बसन न!" वंदना म्हणाली.

बाबा मात्र खिडकीतून प्रत्येकाला हात जोडत होते. महिनाभर भेटायला येणाऱ्यांना हात जोडून त्यांना सवयच झाली होती. त्यांच्याकडे पाहून आमचं हसू तोंडातच राहिलं.

विलासरावांनी आणि मी टीव्ही तीन जिने वर चढवला. मागून बाबा आले, दर वळणावर टेकत. त्यांचा टीव्ही मी माझ्या टीव्हीशेजारी मांडला. बाबा खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही टीव्ही नीट न्याहाळले.

"हा तुहा टीव्ही?"

"हो बाबा."

"याच्यावर थे मालिका लागत नाई?"

"लागते न."

"मंग मलेच कावून नाई आणलं बावा? टीव्ही कावून आणला?"

विलासराव रुमाल काढून चष्मा पुसू लागले. मला फार लाज वाटली. आई गेल्यावर बाबांना चार दिवस इकडे आणावं, हे आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं. टीव्ही आणायचं सुचलं!

तोंड लपवायला मी घाईने मालिका लावली. "ही मालिका आता आमच्याकडे उपलब्ध नाही," असं पडद्यावर आलं. शेजारच्या टीव्हीवर लावली, तिथेही तेच. बाबा टोपी गुडघ्यावर ठेवून बसून राहिले. मला भडभडून आलं. मी मुकाट्याने बाल्कनीत गेलो आणि पुंडलिकभाऊंना फोन लावून ती मालिका केबलवर लागते का, ते विचारलं.

"लागते न सर! आमच्या घरी रोज पाह्यतात. उद्या संध्याकाळी शेवटचा भाग हाय."

थोड्या वेळाने ते आले. पिशवी खाली ठेवून त्यांनी आपली वायर निरखून पाहिली.

"सर, पयले बनियान काढा."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे जाहिरातींसकट शेवटचा भाग पाहिला. खुनी सापडणार तोच मध्ये साबण आला. मी चडफडलो. "येऊ दे," बाबा म्हणाले, "आता काय घाई हाय?"

खून कंपाउंडरनेच केला होता!

बाबा हसले आणि मग त्यांनी डोळे पुसले. "थे कधीच चुकली नाई. माह्यासंगं लगन केलं, थेवढं सोडून."

सकाळी स्वयंपाकघरात भांडी वाजली. बाबा चहा करत होते. उतू गेला, करपला, पण झाला. कप दोन्ही हातांनी सांभाळत ते बाहेर आले. मी हात पुढे केला. बाबा मला ओलांडून गेले आणि कप आईच्या फोटोपुढे ठेवला.

"तू कावून हात पुढं करून राह्यला?" ते म्हणाले. "पैज तुह्यासंगं नव्हती."

मग मी माझा चहा माझा मीच केला. तोही खांद्यावर ओली बनियान घेऊन, कारण ती वाळत घालायला घरात आता दोरी नव्हती.