प्रवरेकाठी माझा ब्रेक केकाटला

नगरच्या सावेडीतून निघताना मी भलतीच खुशीत होते. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याची माउंटन बाईक गॅलरीत धूळ खात पडली, तेव्हापासून ती मी चालवते. पन्नाशीच्या बाईनं हेल्मेट घालून फिरणं आमच्या गल्लीनं आता पचवलं आहे. या वेळचा बेत मात्र मोठा होता. शेजारचे पवारभाऊ तांदूळ आणायला पिकअप घेऊन संगमनेरपलीकडच्या अकोल्याला निघाले होते. त्यांनी मला आणि सायकलला अकोल्यात उतरवायचं, तिथून मी प्रवरेच्या काठाकाठानं भंडारदऱ्याला जायचं, रात्री तिथंच मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत, असं ठरलं.

खुशीचं खरं कारण ब्रेक होते. या सायकलचे ब्रेक तेलावर चालतात. हँडलवरची दांडी दाबली की बारीक नळीतलं तेल पुढं ढकललं जातं आणि चाकावरची पोलादी चकती दोन पॅडच्या चिमटीत सापडते. नळीत हवा शिरली की दांडी पोकळ लागते, पार हँडलला टेकते आणि चाक काही थांबत नाही. माझ्या मागच्या ब्रेकचं तेच झालं होतं. दुकानदार म्हणाला, सायकल ठेवून जा, माणूस आला की बघू. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, उभा जन्म लोकांचं रक्त काढण्यात गेला. सिरिंज आणि नळी लावून बुडबुडे काढायला मला दुकानदार कशाला हवा?

गॅलरीत बसून मी खालून तेल भरलं, वरून हवा काढली. दांडी अशी कडक झाली की मी स्वतःवरच खूश झाले. त्या यशानं डोकं फिरून पुढच्या ब्रेकचंही तेल बदलून टाकलं, त्याला काही झालेलं नसताना. नळी काढताना थोडं तेल चकतीवर आणि पॅडवर सांडलं. हात सवयीनं कापसाकडे गेला. सुई काढल्यावर दंडावर धरतात तसा मी बोळा चकतीवर दाबून धरला आणि वर मायेनं चोळलाही.

"आधी पॅड काढून ठेवायचे असतात ना?" नवऱ्यानं दारातून विचारलं. ब्रेकचं तेल कसं बदलायचं, तो व्हिडिओ मीच त्यांना दाखवला होता. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

अंधारातच निघालो. संगमनेर मागे पडल्यावर उजाडलं, आणि अकोल्यात पोचलो तेव्हा स्टँडजवळच्या हॉटेलात भज्यांचा पहिला घाणा उतरत होता. पवारभाऊ चहा घेऊन तांदळाच्या मागे गेले. मी पोह्यांची प्लेट आणि वर गरम भजी खाऊन घेतली, पुढं चढ आहे म्हणून.

"कुनीकडं निघाला ताई येरवाळी (भल्या सकाळी)?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"भंडारदऱ्याला."

"सायकलवर? आवं, येष्टी हाय की!"

मी ऐटीत हसले, सायकलवर बसले आणि पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला. कुईं असा बारीक आवाज आला. चहा पिणारे दोघं-तिघं वळून बघायला लागले. रात्रीचं दव असेल, असं म्हणून मी रुमालानं चकती पुसली आणि पुढं निघाले.

अकोल्याच्या पुढं रस्ता फार देखणा आहे. भाताची सोंगणी (कापणी) उरकत आली होती. खाचरांत पेंढ्या उभ्या होत्या, पेंढ्याचा कोरडा, गोडसर वास अंगाशी येत होता, आणि समोर डोंगर एकामागून एक निळे होत गेले होते. हमरस्त्याची वर्दळ नको म्हणून मी नदीकाठच्या फाट्याला वळले. तिथं चढउतार सुरू झाले आणि प्रत्येक उतारावर ब्रेकचा आवाज वाढत गेला. एका बैलगाडीचे बैल बुजले. गाडीवान कासरा ओढून धरत माझ्याकडे बघत राहिला.

मी उतरून तपासणी केली. दांडी घट्ट होती, म्हणजे हवा नव्हती. चाक सरळ फिरत होतं, म्हणजे चकती वाकलेली नव्हती. पर्समधला सॅनिटायझर ओतून चकती घासली. थोडं बरं वाटलं, पुढच्या उतारावर पुन्हा तेच. तेल पॅडमध्ये मुरलं होतं आणि ते तापलं की आवाज करत होतं. मला हे कळत होतं, पण स्वतःशी कबूल करायची तयारी नव्हती. शहाण्या माणसानं तिथूनच मागं फिरायला हवं होतं.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. एक वळण घेतलं आणि रस्ता सरळ नदीकडे उतरला. खाली पुलाशेजारी घाट होता आणि घाटावर गर्दी. पांढऱ्या टोप्या, डोक्यावरून घेतलेले पदर, पुढं डोकं नुकतंच भादरलेले काही पुरुष. दशक्रिया चालली होती. आमच्या जिल्ह्यात दशक्रियेला प्रवचन असतं, पुढाऱ्यांची भाषणं असतात, माणूस गेल्याचं दुःख माइकवरून होतं. इथं ते सगळं आटोपलेलं होतं. माइक बंद होता आणि सगळं गाव एका सपाट दगडाकडे बघत गप्प बसलं होतं. दगडावर पिंड ठेवलेला होता. पिंडाजवळ कावळा उतरला होता आणि उड्या मारत पुढं सरकत होता.

आवाज नको म्हणून मी ब्रेक सोडून दिले. सायकल सुसाट सुटली. खाली माणसं रस्त्याच्या कडेपर्यंत बसलेली होती, एक पोर आईच्या मांडीवरून रस्त्यावर उतरत होतं. मी दोन्ही दांड्या दाबल्या.

डुकराचं पिल्लू पकडल्यावर जसं ओरडतं तसे ते ब्रेक केकाटले. कावळा उडाला, पुलावरचे उडाले, पलीकडच्या उंबरावरचे उडाले. सगळा घाट माझ्याकडे वळला. मी उतारावर मध्येच थांबले होते, घट्ट पँट, पिवळं हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

खालून एका फेटेवाल्या म्हाताऱ्यानं हात वर केला. "ताई, हाय तिथंच थांबा! हालू नगा आता."

मी थांबले. एक पाय जमिनीवर, दोन्ही हातांनी दांड्या आवळलेल्या, नाही तर सायकल खाली घसरत होती. रस्त्याकडेला एका दगडावर एक बाई बसली होती. गुडघे धरल्यामुळे तिला घाटाच्या पायऱ्या उतरता येत नव्हत्या. हळू आवाजात तीच बोलायला लागली.

"किसनची आई गेली. ती म्होरं बसलीय ना, तांबड्या काठाची, ती तिची लेक, हिरा. सासरच्यांनी नांदवली न्हाई. आईपाशीच ऱ्हायली. म्हातारी दोन वरीस आंथरुनात हुती, समदं हिरीनंच केलं. आत्ताच किसन बोल्ला, आई, पडवीची खोली हिरीला दिली. कावळा लगीच आला बघा, पार पिंडापाशी. आन् तुमी आल्या."

"अहो, मग तो माझ्या ब्रेकमुळेच उडाला! मी सांगते खाली जाऊन."

तिनं माझी बाही धरली. "गप ऱ्हावा. तुमी परक्या, इथं बोलायचं नसतंय. आन् कावळं काय गाड्यांना भित्यात व्हय? रोज पुलावर बसत्यात. म्हातारीच्याच मनात नसंल."

खालीही हेच चाललं होतं. म्हातारीला पसंत न्हाई, असं एकानं म्हटलं, मग दुसऱ्यानं. किसन हात जोडून पिंडापुढं उभा होता. तो फार वेळ थांबला नाही.

"आई, तुजं न्हाई म्हननं कळलं. खोली नातवाला ऱ्हाईल. हिरीला आमी दोन टायमाला जेवाय घालू, काय कमी पडू देनार न्हाई."

त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काही तरी होतं. मला ते वरपर्यंत ऐकू आलं. हिरानं मान वर केली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती पाण्याकडे बघत राहिली.

कावळा परत आला. दगडाच्या कडेला बसला, मान तिरकी केली, एक उडी मारली. माझी बोटं दुखत होती. माझ्या आळशी कापसाच्या बोळ्यामुळे एका बाईच्या डोक्यावरचं छप्पर जाणार, एवढंच मला दिसत होतं. कावळ्यानं दुसरी उडी मारली. मी बोटं सैल केली, सायकल हातभर घसरू दिली आणि पुन्हा आवळली.

आवाज पहिल्याइतकाच झाला. कावळा उडाला.

"आवं ताई!" फेटेवाला ओरडला.

"घसरली हो! उतार आहे," मी वरून म्हटलं. माझा चेहरा इतका पडला असणार की कुणालाही खरं वाटावं.

खाली कुजबुज झाली आणि थांबली. फेटेवाला किसनचा मामा होता. तो त्याला सगळ्यांसमोर म्हणाला, "दुसरं बोल्लास तरी उडाला. पैला शबुद दिल्ता त्योच धर. आन् मनापासून बोल."

किसननं उपरण्यानं तोंड पुसलं. इतक्या वेळात त्यानं पहिल्यांदा बहिणीकडे पाहिलं. "आई, खोली हिरीची. कुलूप-किल्ली आजच तिच्या हातात देतो. समद्यांम्होरं सांगतो."

मी श्वास धरला आणि ब्रेकही. बराच वेळ काही झालं नाही. मग एक कावळा उंबरावरून सरळ आला, पिंडावर बसला आणि त्यानं चोच मारली. शिवला, शिवला, असं म्हणत लोक उठले, बायकांनी डोळे पुसले, माणसांचे आवाज मोकळे झाले. दगडावरच्या बाईनंही हात जोडले.

खोटं कशाला बोलू, मला फार छान वाटलं. झालेली चूक मीच निस्तरली, शिवाय एका बाईचं भलं केलं. आता निघून जायला हरकत नव्हती, पण मी रेंगाळले. हिरा पायऱ्या चढून वर येत होती आणि ती माझ्याकडेच येत होती. तिनं आभार मानले की, अहो त्यात काय, असं म्हणायचं मी मनात तयार ठेवलं होतं.

जवळून ती माझ्यापेक्षा लहान दिसली. लुगड्याचा काठ ओला होता. तिनं आधी सायकलकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"ताई, पैल्या खेपेला (वेळेला) उतारानं वाजलं. दुसऱ्या खेपेला?"

मी चक्क हसले. "दुसऱ्या वेळी मुद्दाम दाबला. तुमच्या भावानं शब्द फिरवला ना, म्हणून."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"खोली मिळाली मला," ती म्हणाली. "पन ती आईनं दिली का तुमी दिली, आता मी कुनाला इचारू?"

उत्तराची वाट न बघता ती बायकांमध्ये मिसळून गेली. दगडावरच्या बाईनं सगळं ऐकलं होतं. तिनं पदर सारखा केला आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

मी भंडारदऱ्याला गेले नाही. सायकल हातात धरून आल्या रस्त्यानं चढ चढले, उतारावर चालत राहिले, ब्रेकला बोट लावलं नाही. हमरस्त्यावर अकोल्याची जीप मिळाली. टपावर सायकल बांधताना जीपवाल्यानं विचारलं, "पंक्चर झाली का?" मी हो म्हटलं.

घरी आल्यावर पॅड काढून फेकून दिले. लॅबमधल्या स्पिरिटनं चकत्या धुतल्या, नवे पॅड बसवले, आणि ते मुरवण्यासाठी गल्लीत वेगानं जाऊन थांबायचं, पुन्हा जाऊन थांबायचं, असं संध्याकाळभर केलं. आता ब्रेकचा आवाज येत नाही. ब्रेकनं दशक्रियेत कसा गोंधळ घातला, ही गोष्ट मी लॅबमध्ये सांगितली आणि सगळे पोट धरून हसले. ती मी पहिल्या कावळ्यापर्यंतच सांगते.

पुढचं इथं लिहिते आहे. कावळा उडवला त्याची लाज वाटते, पण ती सहन होते. घसरली हो, हे खोटं मी साऱ्या घाटाला सांगून मोकळी झाले होते आणि सगळ्यांनी ते मानलंही होतं. हिराला तेच एकदा पुन्हा सांगितलं असतं, तर ती खोली तिला आईनं दिलेली राहिली असती. तिच्यापाशीच मी खरं बोलले, कारण तिनं माझे आभार मानावेत, असं मला वाटत होतं.